गिटारचा आवाज आणि गल्लीतला गडगडाट

गिटार हे वाद्य हातमागाच्या घरात ऐकू येत नाही, ही गोष्ट मला ती घरी आणल्यावर कळली.

आमचं घर शहापुरात, विणकरांच्या गल्लीत. दिवस उगवायच्या आधी माग सुरू व्हायचे ते दिवेलागणीला थांबायचे. त्या खटखटीत आमच्या घरी कुणी कुणाशी बोलत नसे, ओरडत असे. आईनं 'आणखी भात वाढू काय?' असं प्रेमानं विचारलं तरी नवखा पाहुणा दचकून ताटावरून उठायचा. अशा घरात मी गिटार आणली. (ढोल आणला असता तर तो आणलाय हे निदान घरच्यांना कळलं तरी असतं!)

ती मिळाली कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत. लढाई नुकतीच संपली होती आणि गोऱ्या पलटणीच्या बँडमधला मिंगेल नावाचा एक गोवेकर गाशा गुंडाळून गावी निघाला होता. त्याला बायकोसाठी शहापुरी लुगडं न्यायचं होतं, मला गिटार पाहिजे होती. मी स्वतः विणलेलं लुगडं दिलं. त्याच्या काठात एके ठिकाणी गडबड झाली होती, ती त्याच्या लक्षात आली नाही. गिटारची मान जरा वाकडी होती, ती माझ्या लक्षात आली नाही. दोघंही एकमेकांना फसवल्याच्या समाधानात हसलो. जाण्यापूर्वी त्यानं मला दोन-तीन चाली शिकवल्या आणि "बाकीचं आपोआप येतं," असं सांगून तो गेला. बाकीचं अजून आलेलं नाही.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गिटार हातात घेऊन उलटीपालटी केली. भोकाला डोळा लावून आत बघितलं.

"आत काय न्हायच की रं हिच्या!"

"आवाज तिथनंच येतो, आप्पा."

"वाजव बगू."

मी वाजवली. जीव तोडून वाजवली. आप्पा बराच वेळ माझ्या बोटांकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "आता सुरू कर की!"

माझा एकुलता एक श्रोता म्हणजे माझी धाकटी बहीण इंदू. ती गिटारच्या लाकडाला कान लावून ऐकायची आणि "लई भारी, अण्णा!" म्हणायची. इंदूचा हात मागावर आप्पांच्या तोडीनं चालायचा आणि तोंड आप्पांच्याही पुढं. तिच्यासाठी दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यांनी 'मुलगी फार बोलते' म्हणून नकार दिला. दुसऱ्यांच्या वेळी आईनं तिला तोंड मिटून बसायला शपथ घातली, तर ते 'मुलगी मुकी आहे काय?' असं विचारून गेले. तेव्हापासून आई देवापुढं दिवा लावताना नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहायची, आणि इंदू मागावर बसली की मधूनच तिचा हात थांबायचा. आमच्या घरात एक माग थांबला तरी सगळ्यांना ऐकू यायचं.

तिसरं स्थळ आणलं बेळगुंदीच्या मावशीनं. मंडळी निपाणीची. मुलगा वसंत तंबाखूच्या वखारीत कारकून. वडील बापूराव, मोठे मिशाळ आणि दरारा असलेले. पण त्या घरात शब्द चालायचा तो बापूरावांच्या थोरल्या बहिणीचा, गोदाआत्यांचा.

"आत्याबाईला कानानं कमी हाय," मावशी म्हणाली, "पण गाण्याबजावण्याचं लई वेड. उभा जन्म भजनात गेला. आता ऐकू येत न्हाय म्हणून सगळ्यांवर चिडती. 'मुलीच्या घरात कुणी वाजवणारं हाय काय?' असं इचारलं तिनं. मी सांगून बसले, भाऊ वाजवतो म्हणून!"

"पण मावशी, तिला ऐकू येत न्हाय म्हणालीस ना?" मी विचारलं.

"तेच तर बरं हाय की!" आप्पा म्हणाले.

हे मला लागलं. (कलावंताला असलंच लागतं, टाळ्या पडल्या नाहीत तर एवढं लागत नाही.) मी मनाशी ठरवलं, आत्याबाईंना ऐकू जाईल अशीच गिटार वाजवायची. आणि मी सायकल काढून थेट अनगोळला दत्तूकडं गेलो.

दत्तू माझा शाळेतला मित्र. ग्रामोफोनपासून सायकलच्या दिव्यापर्यंत काहीही दुरुस्त करायचा. दुरुस्तीनंतर नेहमी दोन-चार स्क्रू शिल्लक राहायचे, ते तो गिऱ्हाइकाला पुडीत बांधून परत द्यायचा, इतका प्रामाणिक! लढाई संपल्यावर पलटणीचं जे भंगार निघालं, त्यातून त्यानं एक लाउडस्पीकर जमवला होता. त्यात घागरीच्या तोंडाएवढा कर्णा होता, मोटारीच्या बॅटरीवर चालणारी एक लोखंडी पेटी होती, आणि काडेपेटीपेक्षा जरासा मोठा एक माईक.

"कितीबी लांब ऐकू जाईल," दत्तू म्हणाला. "पिरनवाडीत म्हस दचकली तर मला इचारू नको."

आमच्या परसात प्रयोग सुरू झाले. पहिल्यांदा माईक गिटारच्या समोर धरला. आवाज मोठा झाला, पण तो गिटारचा राहिला नाही.

"अण्णा," इंदू कानात बोटं घालून म्हणाली, "कुणीतरी पत्र्यावर वाटाणं ओतूलाय!"

मग दत्तूनं माईक दोऱ्यानं भोकाच्या आत सोडला. आता वाटाणे गेले, पण आवाज असा घुमायला लागला, की जणू कुणी विहिरीत पडून कण्हतंय. मी एक हळवी चाल घेतली. ती संपते न संपते तोच शेजारचे शिवलिंगप्पा हातात दोर घेऊन धावत आले. "कोण पडलं? कोण पडलं?" ते ओरडत होते. त्यांना समजावून परत पाठवायला चहा करावा लागला.

"आत पोकळ हाय म्हणून घुमतंय," दत्तूनं निदान केलं. "काहीतरी मऊ भरायला पायजे."

मऊ काय, तर आमच्या घरी एकच वस्तू भरपूर होती, मागाखाली पडलेली रेशमाची गुंतवळ. ती मी मूठमूठ आत कोंबली. आप्पा दारातून बघत होते. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते आत गेले, आणि चांगल्या लडीतलं उरलेलं मऊसूत रेशीम आणून त्यांनी माझ्यापुढं टाकलं.

"घालायचंच तर बरं घाल," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

घुमणं थांबलं. तरी आवाजात गोडी नव्हती. मग आमच्या डोक्यात ती शेवटची कल्पना आली. (कुणाच्या डोक्यात आली यावर दत्तूचं आणि माझं अजून एकमत नाही. दोघंही दुसऱ्याचं नाव घेतो.) माईक दोऱ्याला लोंबकळत न ठेवता तो गिटारच्या पाठीच्या फळीला आतून मेणानं घट्ट चिकटवायचा. म्हणजे लाकडाची थरथर सरळ माईकात! चिकटवला, वाजवलं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो. काय तो आवाज! मधात बुडवून काढल्यासारखा! आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. आप्पांचा माग थांबला. शिवलिंगप्पा दोर न घेता आले!

एकच खोट राहिली. गिटार घेऊन मी कर्ण्याच्या जवळ गेलो की कर्णा 'कूंऽऽऽ' करून असा किंचाळायचा, की दातांच्या मुळाशी कळ यायची.

"कर्ण्याचा आवाज माईकात जातोय, माईकातला परत कर्ण्यात," दत्तूनं समजावलं. "दोघं एकमेकांचं ऐकून आणखीनच वरडूलेत."

"म्हंजे आमच्या घरासारखंच की!" आई म्हणाली.

तोड निघाली. कर्णा पुढं सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, खांबाला बांधायचा, तोंड गल्लीकडं. पाहुणे सोप्यात बसणार. मी बसायचं पार मागं, मागघरात. मधल्या दारांना गोधड्या टांगायच्या आणि खालून वायर न्यायची. पाहुण्यांना वाजवणारा दिसणार नाही, नुसतं ऐकू येईल. अगदी रेडिओसारखं! मला ही व्यवस्था फार पसंत पडली. आप्पांनाही पडली. "तोंड न दिसलेलंच बरं," ते म्हणाले.

कार्यक्रमाचा दिवस वैशाखातला. आमचे माग त्या दिवशी बंद होते, पण गल्लीचं काम कसं थांबणार? विणायच्या आधी सुताला पिठाची खळ पाजून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काठ्यांवर ताणून वाळवायचं असतं. त्या दिवशीही हिरवे, जांभळे, डाळिंबी ताणे दुपारच्या उन्हात पसरले होते. त्यात वळवाचे दिवस. रोज दुपारी आभाळ गुरगुरायचं आणि हुलकावणी देऊन जायचं. ओल्या खळीवर पाऊस पडला तर सगळी खळ वाहून जाते, धागे एकमेकांना चिकटतात आणि एका घराची बरीच दिवसांची मेहनत मातीत जाते. त्यामुळं गल्लीतल्या प्रत्येक माणसाचे हात सुतावर आणि कान आभाळाकडं होते.

माझे हात मात्र थरथरत होते.

"उपाशी पोटी हात कापणारच," मावशी म्हणाली. तिनं बेळगुंदीहून रताळ्यांची बुट्टी आणली होती. "खा गुमान!"

मी खाल्ली. उकडलेली खाल्ली, भाजलेली खाल्ली, भीती जाईना म्हणून आणखी खाल्ली आणि वर तांब्याभर ताक प्यालो. हात थांबले.

पाहुणे टांग्यातून आले. टांगा लिंबाखाली उभा राहिला. गोदाआत्यांना सोप्यात मधोमध, कर्ण्याच्या खालीच बसवलं. मी मागघरात गिटार मांडीवर घेऊन बसलो. गोधडीआडून दत्तूचं डोकं आलं, "कर सुरू!" म्हणालं आणि गेलं.

पहिली चाल मी इतकी सुरेख वाजवली, की तशी मी आधी कधी वाजवली नव्हती आणि नंतरही नाही. दत्तू परत डोकावला. "एक नंबर! बापूरावांनी मान हलवली," म्हणाला आणि आपलं काम संपलं असं समजून पोह्यांची बशी घ्यायला गेला. पेटी चालूच होती. माईक चालूच होता. आणि माईक गिटारच्या पोटात आहे, तो गिटारखेरीज दुसरं काही ऐकत नसणार, असा माझा ठाम समज होता!

तेवढ्यात मागच्या दारानं इंदू आली. नवी साडी, कपाळावर घाम. गोधड्यांमुळं बाहेरचं काही नीट ऐकू येत नव्हतं, नुसतं काहीतरी घुमतंय एवढं कळायचं. त्यामुळं आम्ही निवांत बोलायला लागलो. पुढं आमचं जे बोलणं झालं ते शब्दन् शब्द सगळ्या गल्लीनं ऐकलं, हे मला मागाहून कळलं.

"अण्णा, स्वयंपाकघरातनं बघितला मी त्याला."

"कसा हाय?"

"कान लई मोठं हाईत!"

"बरं झालं की. तुझं बोलणं ऐकायला लागतीलच."

"गप रं! पर पोहे दिल्यावर आधी आत्याबाईच्या हातात बशी दिली त्यानं. टांगेवाल्याला मिळालं काय तेबी इचारलं. मग सोता घेतली. मला बरा वाटला."

"आणि बापूराव?"

"त्यांच्या मिशा बघितल्यास? आपल्या खळ लावायच्या कुंच्यासारख्या!"

आम्ही दोघं खो खो हसलो. सोप्यात त्या वेळी बापूरावांचा हात मिशीवर होता, तो तिथंच राहिला. वसंतानं टोपी दोन्ही कानांवर ओढून घेतली. आप्पा जमिनीकडं बघत होते. आईला उठून आत यायचं होतं, पण पाहुण्यांना ओलांडून पळत कशी येणार? आणि दत्तूच्या तोंडात पोह्यांचा एवढा मोठा घास होता, की त्याला ना गिळता येईना, ना ओरडता.

हसणं थांबल्यावर इंदू जवळ बसली. "होय म्हणतील काय रं? या खेपेला मी बोलू काय गप बसू?"

मी म्हटलं, "बोल तू. तुझ्याशी भांडत-बोलत मी मोठा झालो. गप बसलेली इंदू मलाच ओळखू यायची न्हाय, त्यांना काय येणार? आणि न्हाय म्हणाले तर निपाणीकरांचं नशीब फुटकं. आपलं काय जात न्हाय. तू हाईस तवर घरात जीव हाय आमच्या."

इंदूनं डोळे पुसले. मीही पुसले. मन जड झालं की मी गिटार छातीपोटाशी घट्ट धरतो. तशी धरली आणि दुसरी चाल सुरू केली.

आता गंमत बघा. माझ्या पोटाला टेकलेली गिटारची पाठ. त्या पाठीला आतून मेणानं चिकटवलेला माईक. आणि माझ्या पोटात बेळगुंदीची रताळी, वर ताक! मला नुसती हलकी गुडगुड जाणवली. चारचौघांत होते तशी. पण ती फळीतून माईकात गेली, माईकातून पेटीत, पेटीतून कर्ण्यात, आणि शहापूरच्या निरभ्र आभाळाखाली गल्लीभर आवाज झाला,

गड् गड् गड् गडाऽऽड!

"मळी बंतु!" शिवलिंगप्पा कानडीत बोंबलले. "आला रं पाऊस! सूत उचला, सूत!"

गल्ली उठली. बायका चुली सोडून धावल्या, म्हातारे काठ्या टाकून धावले. वर ऊन कडक होतं. पण ज्याचं सूत रस्त्यावर आहे तो आभाळाकडं बघत बसत नाही! बापूराव मूळचे शेतकरी. कुणाचा तरी माल भिजतोय म्हटल्यावर त्यांना पाहुणा म्हणून बसवेना. त्यांनी फेटा सावरला आणि उडी टाकली. वसंतानं कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि शिवलिंगप्पांच्या ताण्याचं दुसरं टोक उचललं. आप्पा त्यांना अडवायला गेले आणि गुंतले. आई आपल्या पाहुण्यांना अडवायला गेली आणि तीही गुंतली.

मला आत नुसता गलका ऐकू आला. मोठा गलका! माणसं उठून उभी राहिलेली दिसतात, मी मनात म्हटलं. एका चालीला एवढी दाद! माझ्या अंगात बारा रेड्यांचं बळ आलं. मी गिटार पोटाशी आणखी आवळली आणि लय वाढवली. आवळल्याबरोबर पोटातली रताळीही लयीत आली. गडगड, गडाड! गडगड, गडाड! बाहेर माणसं आणखी जोरात ओरडायला लागली. मला वाटलं, 'पुन्हा वाजवा' म्हणतायत. मी पुन्हा वाजवलं!

शेवटी आईनं गोधडी ओढून काढली. तिच्या केसांत हिरवं सूत होतं.

"थांब की रं मुडद्या!"

"का? आवडलं न्हाय त्यांना?"

"पोट आवर तुझं! पोट!"

मला काही कळेना. पाहुण्यांनाच विचारावं म्हणून मी उठलो आणि गिटार छातीशी धरून, वायरीसकट, सोप्यात आलो. पार कर्ण्यापाशी.

कूंऽऽऽऽऽ!

तो आवाज ऐकून लिंबाखालचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि रिकामा टांगा घेऊन कॅम्पाच्या दिशेनं सुसाट सुटला. त्याच्यामागं टांगेवाला. दत्तूनं अखेर घास गिळला आणि बॅटरीची वायर उपसली.

गल्ली एकदम शांत झाली. मी समोर बघितलं. बापूराव गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जांभळ्या सुतात गुंडाळलेले होते आणि मिशांना खळ लागून त्या दोन्ही बाजूंनी ताठ उभ्या होत्या. वसंत डाळिंबी सुतात. शिवलिंगप्पा हातात तुटके धागे घेऊन आभाळाकडं बघत होते. तिथं ढगाचं नाव नव्हतं.

"मग पाऊस कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"पाऊस न्हाय," आप्पा खाली मान घालून म्हणाले. "आमचं पोरगं हाय त्यो."

मला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं. इंदू दारात उभी होती, पांढरी फटक. तिचं तिसरं स्थळ मी मोडलं होतं. आणि तेही नुसतं तोंडानं नाही, पोटानंसुद्धा! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. (पण पोट हा शब्दही त्या क्षणी नकोसा होता.)

बापूरावांनी तोंड उघडलं. ते काय बोलणार होते, देव जाणे. कारण तेवढ्यात सोप्यातून खणखणीत आवाज आला.

"थांबलं कशाला रं?"

गोदाआत्या एकट्याच जागच्या जागी बसून होत्या. डोळे भरलेले, हात मांडीवर ताल धरलेला.

"किती वर्सं झाली, बापू," त्या म्हणाल्या, "टाळ ऐकू येत न्हाय, वीणा ऐकू येत न्हाय. भजनाला बसते आणि लोकांची तोंडं बघून उठते. आज छातीत ऐकू आलं बग मला! त्या तारांचं काय कळलं न्हाय, पर मागनं पखवाज काय वाजवला! कोण वाजवत होतं पखवाज?"

सगळी गल्ली माझ्या पोटाकडं बघायला लागली.

आप्पा पुढं झाले. आत्याबाईंच्या कानाशी तोंड नेऊन, मागाच्या खटखटीतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा थोरला!"

"शिकला कुठं?"

"शिकला न्हाय," आप्पा म्हणाले. "उपजत हाय!"

पहिल्यांदा हसले बापूराव. मिशा ताठ असल्यामुळं त्यांना नीट हसता येईना, म्हणून ते आणखीच हसायला लागले. मग शिवलिंगप्पा, मग सगळी गल्ली. मी सोडून सगळे. दोन बायका तर सूत हातात घेऊन खाली बसल्या.

टांगा गेलेला, निपाणीची मोटारही चुकलेली. पाहुण्यांना राहणं भागच होतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरची माणसं गल्लीत बसून शिवलिंगप्पांचं गुंतलेलं सूत सोडवत होती. वसंत इंदूच्या समोर बसला होता. तो अडकला की ती ओरडायची, "असं न्हाय हो! वरचा धागा सोडा आधी!" आई डोळ्यांनी तिला दटावत होती. पण गोदाआत्या काठी टेकत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "हिला गप करू नकोस गं. ह्या पोरीचं मला सगळं ऐकू येतंय! आमच्या घरात सगळे पुटपुटतात मेले!"

आणि तिथंच, खळीनं बरबटलेल्या हातांनी, साखर वाटली गेली.

सकाळी निघताना वसंत माझ्याजवळ आला. टोपी आता कानांच्या वर, जागच्या जागी होती.

"मुलगी बघायला म्हणून आलतो," तो हळूच म्हणाला, "पण ऐकूनच ठरवलं मी. तुमचा माईक लई चांगला हाय."

लग्न शहापुरातच झालं. मी पुन्हा गिटार घेऊन बसलो, आईनं सकाळपासून मला नुसती पेज दिली होती. वाजवलंही बरं. गोदाआत्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग त्या शेजारच्या बाईला सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज पोराचा हात बसला न्हाय."

पुढं इंदूला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं करायला वसंत स्वतः निपाणीहून आला. चहा घेतला, आप्पांच्या पाया पडला आणि जाताना जरा घुटमळून मला म्हणाला, "आत्यानं मुद्दाम निरोप दिलाय. वाजवायला नक्की यायचं. पण गिटार आणायची तसदी घेऊ नका म्हणाली."

उभ्या जन्मात मला मैफलीचं आमंत्रण आलं ते एवढं एकच. आणि तेही मला नव्हतं, माझ्या पोटाला होतं!